पुढारी नेमणे नाही

कालव्यावरचे पाटकरी अतिरिक्त ठरल्याचा आदेश पिंपरी पेंढारच्या चौकीवर आला, तेव्हा शाखा अभियंता निमोणकर यांनी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. शासनाकडे पैसा नव्हता. पुढच्या आवर्तनापासून पाणी सोडण्याचं काम शेतकऱ्यांची संस्था करणार होती, आणि पाटकऱ्यांनी घरी जायचं होतं. चौकीवरच्या शिपाई साळुबाईंचंही नाव त्यात होतं.

मागच्या कपातीच्या वेळी रीतसर संप झाला होता. संपाच्या पुढाऱ्याची बदली गडचिरोलीला झाली आणि संप दुसऱ्याच दिवशी मिटला.

"या टायमाला पुढारीच नको," सावळाराम म्हणाला. पाटकऱ्यांत तो वयानं थोरला. "बदली करायला मानूसच गावला न्हाई पायजे."

"मंग ठरवायचं कुनी?" गोरखनं विचारलं. तो सगळ्यांत तरणा.

"समद्यांनी. एकाचा जरी हात खाली असला, तरी ठरलं न्हाई असं धरायचं."

"आन् पानी बंद करायचं?"

"येडा का काय! पानी बंद केलं तर शेतकरी आपल्यालाच बडवतील. पानी सोडायचं. लई झ्याक सोडायचं. फकस्त कुनाला किती दिलं, ते हापिसात सांगायचं न्हाई."

सगळे हात वर झाले. कालवा वाहत राहिला, शेतकरी खूश झाले आणि पाणीपट्टीची आकारणी बंद पडली. कामबंद म्हणावं तर काम चालू होतं. पाणी अडवलं म्हणावं तर पिकं डोलत होती.

पुण्याहून मोठ्या साहेबांचा फोन आला. "निमोणकर, पुढाऱ्याचं नाव कळवा. नाव आलं की तुमची पुण्याची ऑर्डर काढतो."

निमोणकर तीन वर्षं त्या ऑर्डरची वाट पाहत होते. बायको पुण्यात, मुलगी समृद्धी यंदा दहावीला, आणि ते स्वतः इथे भाड्याच्या खोलीत डब्यावर. ते तडक चौकीमागच्या चिंचेखाली गेले. बैठक चालू होती.

"तुमचा पुढारी कोण?"

"कोन न्हाई, साहेब."

"मग मी बोलायचं कुणाशी?"

"समद्यांशी बोला की. आमी हावोत ना हितंच."

माणसं जमली की त्यांतला पुढारी आपोआप दिसतो, असा निमोणकरांचा नोकरीतला अनुभव होता. त्यांनी चौकीतली एकुलती एक खुर्ची बाहेर मागवली आणि ते लक्ष ठेवत बसले. पण सगळे एकाच वेळी बोलत होते. चहा आधी की ठराव आधी, यावरच अर्धी दुपार गेली. उभी हयात आढावा बैठकांत काढलेल्या माणसाला ते बघवेना.

"एकेक बोला!" ते ओरडले.

सगळे एकेक बोलले. प्रश्न होता, पाण्याची पाळी कालव्याच्या कुठल्या टोकाकडून सुरू करायची.

"तांत्रिकदृष्ट्या विचाराल तर शेवटाकडून," निमोणकर बोलून गेले. हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, अर्थात पुढारी शोधायला. तिसऱ्या दिवशी त्यांना उशीर झाला, तर गोरख म्हणाला, "थांबा राव. साहेब आल्याबिगर लई कालवा व्हतो."

शेवटच्या चारीवर कैक वर्षांनी भर उन्हाळ्यात पाणी पोचलं. तिथले रखमाजी जीप भरून माणसं, नारळ, आळेफाट्याच्या फतेचंदशेठच्या दुकानातली शाल आणि एक वार्ताहर घेऊन चौकीवर आले.

"सत्कार करायचाय. म्होरं या कोन ते."

कोणी पुढे येईना. सावळाराम चार पावलं मागे सरकला. गोरख चिंचेआड गेला.

"आवो, शाल हाये ही. बाँब न्हाई!"

"बदली हाये ती," साळुबाई म्हणाल्या.

"आता काय करावं? उघडलेली शाल फतेचंदशेठ माघारी घेत न्हाय. आन् सत्कार केल्याबिगर ही मान्सं जेवायची न्हाईत."

रखमाजींनी सभोवार पाहिलं. आजवर त्यांनी जेवढे सत्कार केले, ते सगळे खुर्चीत बसलेल्या माणसाचेच. इथे खुर्ची एक होती आणि तिच्यात माणूसही होता. त्यांनी शाल निमोणकरांच्या खांद्यावर टाकली.

"अहो, मी नाही! मी नाही!" निमोणकर हात उंच करून म्हणाले, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला.

वर्तमानपत्रात फोटोखाली ओळ आली: 'घोषणा देताना कपातविरोधी लढ्याचे नेते निमोणकर.'

"नाव मिळालं," मोठे साहेब फोनवर एवढंच म्हणाले.

निमोणकर निलंबित झाले. चौकशी संपेपर्यंत मुख्यालय सोडायचं नव्हतं, आणि मुख्यालय पिंपरी पेंढार. चौकशीत साक्षीदार म्हणून सगळ्या पाटकऱ्यांची आणि साळुबाईंची नावं होती. साक्षीदार सेवेत हवेत, म्हणून जबाब होईपर्यंत कपातीला स्थगिती मिळाली.

त्या संध्याकाळी चिंचेखाली कोणाला हसू आलं नाही.

"साहेब, आमच्यापायी तुमचं घर अडाकलं," सावळाराम म्हणाला. "उद्याच जबाब देऊन टाकतो. साहेब यात न्हवते म्हनून. चौकशी मिटंल, तुमी पुन्याला जावा."

"आणि तुम्ही?"

"आमी काय, जाऊ घरी. थोडकं रान हाये."

"मला तेबी न्हाई," साळुबाई म्हणाल्या. "पर माजा हात वर हाये."

गोरखचा वर झाला. सगळ्यांचे झाले. निमोणकर खुर्चीतून एकेका हाताकडे पाहत राहिले.

"साहेब, तुमचा?"

"खाली आहे."

"दुखतोय व्हय?"

"नाही," निमोणकर म्हणाले. "एकाचा हात खाली आहे, तेव्हा हे ठरलं नाही. विषय पुढच्या बैठकीत. आता घरी फोन करून बायकोला काय सांगायचं, त्यावर एकेकानं बोला."