भाचीचे हक्क

कायद्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये! बावीस वर्षं मी कोर्टात स्टेनो आहे. वकील बदलले, न्यायाधीश बदलले, डोक्यावरचा पंखासुद्धा दोनदा बदलला, मी तिथेच! साक्षीदाराने नुसता घसा खाकरला तरी हा आता खोटं बोलणार की रडणार, हे मला कळतं. आमच्या घरात कुणाचं शेजाऱ्याशी वाजलं की पहिला फोन मला येतो. आणि प्रकरण वाढलं की दुसरा फोन खऱ्या वकिलाला जातो, पण ते असो.

त्या दुपारी तीन वाजता फोन आला तो माझ्या भाचीचा. ताईची एकुलती एक, वय वर्षं सतरा. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात.

"मावशी, मला न्यायला येशील? आणि आईला सांगू नकोस."

"का गं? काय झालं?"

"शेवटचा पेपर झाला ना... मग मैत्रिणीच्या गच्चीवर सगळ्यांनी... थोडीशी बिअर..."

"थोडीशी म्हणजे किती?"

"मावशी, गच्ची फिरतेय."

खरं सांगते, राग यायच्या आधी मला अभिमानच वाटला! पोरीने सख्ख्या आईला सोडून मला फोन केला! साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाडी काढली.

भिंगरी गाडीत बसली तेव्हा तिचा चेहरा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा दिसत होता. माझा बेत पक्का होता: आमच्याकडे दोन तास झोपवायचं, तोंड धुवायला लावायचं आणि मग साळसूदपणे घरी पोचवायचं. पण दोन गल्ल्या गेलो नाही तोच ती म्हणाली, "मावशी, घरीच सोड मला. मी आईला सांगून टाकते. आधीच पोटात ढवळतंय, खोटं बोलायचं म्हटलं की आणखी ढवळतं."

"वेडी की काय! मी आहे ना!"

तिचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पुढच्या चौकात ट्रॅफिकच्या हवालदारबाईंनी हात केला. मी गाडी बाजूला घेतली आणि काच खाली करायच्या आत भिंगरीला बजावलं, "एक शब्द बोलायचा नाही! गाडी मी चालवतेय, मी प्यायलेली नाही. तू नुसती प्रवासी. प्रवाशाला गप्प बसायचा हक्क असतो. नाव विचारलं तरी गप्प!"

"नावसुद्धा?"

"नावसुद्धा!" हे नावाचं मी माझ्या पदरचं घातलं होतं, ते आज कबूल करते.

हवालदारबाई खिडकीशी आल्या. "मॅडम, तुमचा मागचा ब्रेकचा दिवा लागत नाहीये. करून घ्या लवकर."

संपलं! एवढंच होतं! "हो बाई, करते" म्हणून निघायचं होतं. पण माझी जीभ बावीस वर्षं नुसती दुसऱ्यांचं ऐकत बसलेली.

"तुम्ही फक्त दिव्याबद्दल बोला! माझ्या शेजारच्या प्रवाशाशी तुमचा काडीचा संबंध नाही!"

तोवर त्यांनी शेजारी पाहिलंही नव्हतं. आता वाकून पाहिलं.

"बाळा, बरं वाटत नाही का तुला?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती गप्प.

"नाव काय तुझं? या कोण तुझ्या?"

गप्प. डोळ्यांत टचकन पाणी.

"ती काहीही बोलणार नाही!" मी म्हणाले. "गप्प बसायचा हक्क आहे तिला, मी तसं बजावून ठेवलंय!"

हवालदारबाईंचा चेहराच बदलला. "तुम्ही कोण हिच्या?"

"मावशी."

"ही तुमच्याबरोबर आहे, हे हिच्या आईला माहीत आहे?"

"नाही! आणि तिला कळताही कामा नये!"

त्यांनी आत हात घालून किल्ली काढून घेतली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "अल्पवयीन मुलगी, घाबरलेली, काहीतरी पाजलेलं वाटतंय. सोबत एक बाई. मावशी असल्याचं सांगते."

असल्याचं सांगते! हे शब्द मी लोकांबद्दल हजारदा टाइप केलेत. स्वतःबद्दल ऐकले ते पहिल्यांदाच. पाच मिनिटांत पोलिसांची आणखी एक गाडी आली. फूटपाथवर ही गर्दी! "चेहऱ्यावरून वाटत नाही हो," एक आजोबा म्हणाले. "अशाच असतात," त्यांच्या शेजारचे म्हणाले.

"अहो, मी कोर्टात असते!" मी ओरडले.

"कशाबद्दल?" आजोबांनी विचारलं.

"भिंगरे, बोल गं! सांग यांना मी कोण ते!"

बिचारी ओठ घट्ट मिटून बसली होती. मला वाटलं, हक्क बजावतेय. तिने दार उघडलं, तोंड उघडलं, आणि गच्चीवरचं सगळं हवालदारबाईंच्या बुटांवर आलं.

"सॉरी," ती हुंदके देत म्हणाली. "मी बिअर प्यायलेय. ही माझी सख्खी मावशी आहे. माझ्या आईला फोन लावा ना!"

हवालदारबाईंनी आधी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळल्या. "मी काय पकडायला विचारत होते का? पोर पांढरीफटक पडली होती म्हणून विचारलं. आणि गप्प बसायचा हक्क होता ना हिचा? मग हिला तरी विचारायचंत, बसायचंय का ते!"

वीस मिनिटांत ताई आली. ती ओरडली नाही. लेकीशेजारी फूटपाथवरच बसली, तिचे केस मागे धरले. मग वर बघून मला म्हणाली, "मला फोन नाही करावासा वाटला तुला?"

"मीच नको म्हटलं होतं मावशीला," भिंगरी पुटपुटली.

अर्धंच खरं होतं ते. उरलेलं अर्धं मी सांगायला हवं होतं. मी ओढणीचं टोक चाचपत उभी राहिले आणि त्या दोघी घरी गेल्या.

आठ दिवस मी ताईच्या घराकडे फिरकले नाही. शेवटी ताईकडे गेले आणि धडाधडा सांगून टाकलं, "ती तुला सांगणार होती. मीच नको म्हटलं."

"माहीत आहे," ताई भाजी निवडत म्हणाली. "त्याच संध्याकाळी तिने सांगितलं. वर म्हणाली, मावशीला ओरडू नकोस."

भिंगरी आता कॉलेजात जाते. माझ्याशी छान बोलते, हसते, काही अडलं तर मात्र थेट आईला फोन करते. चांगलंच आहे म्हणा, आईच ती! मलाही सगळं कळतं हो. ताई सांगते, आठवलं तर.