डुप्लिकेट नाय, हुबेहूब

आमच्या शेजारचे उस्मानभाई रोज सकाळी आपल्या गाडीच्या चारही चाकांना पान्याने ठोकत आणि मान तिरकी करून ऐकत. आपण नारळ घेताना वाजवून बघतो ना, तसं. पुढचं डावं, टण्ण. पुढचं उजवं, टण्ण. मागची दोन, टण्ण, टण्ण. चौथा टण्ण नीट आला की पाना लुंगीला पुसायचा आणि आत चहाला जायचं. आमच्या घरातलं गजराचं घड्याळ बंद पडलं ते आम्ही दुरुस्तच केलं नाही. आमचे हे चौथ्या टण्णला उठत.

चिरलेलं चाक 'बद्द' बोलतं, असं उस्मानभाईंचं म्हणणं. माणसांचंही तसंच असतं, पण ते कळायला माणसाला ठोकून बघावं लागतं, आणि मी त्या काळी फक्त शुद्धलेखन ठोकून बघत असे. त्याबद्दल पुढे सांगते.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. दोन दारांची, लालभडक, परदेशी स्पोर्ट्स कार. मुंबईतल्या कुणा बिल्डरच्या चिरंजिवाने ती खांबावर घातली होती. उस्मानभाईंनी ती भंगाराच्या भावात उचलली आणि ट्रकवर टाकून रत्नागिरीत आणली. वीस वर्षं मस्कतला एका अरबाच्या गाड्या सांभाळलेला हा माणूस. तिथे अशीच एक लाल गाडी होती. धुवायची, पुसायची, इंजिन उघडायचं, सगळं यांनीच. चालवायची मात्र नाही. "अरबाब बोलायचा, हात लाव, पाय लावू नको," असं ते सांगत; अरबाब म्हणजे मालक. तो राहिलेला पाय लावायला म्हणून अठ्ठ्याण्णव साली ही गाडी आमच्या आळीत आली. तिचं पोट जमिनीपासून चार बोटांवर. तिला बघायला पहिल्या आठवड्यात भाट्यापर्यंतची पोरं आली आणि आमच्या कुंपणाच्या गडग्याचे चार चिरे ढासळले.

अपघातात गाडीची तीन चाकं गेली होती. एकच ओरिजिनल उरलं होतं. लोक घराण्यातल्या मूळ पुरुषाचा फोटो लावतात तसं उस्मानभाईंनी ते पडवीत खिळ्याला टांगलं. तशीच बाकीची तीन परदेशाहून मागवायची तर आंब्याची बाग विकावी लागली असती.

आता त्यांचा मुलगा, रियाज. भाभी पूर्वीच गेल्या होत्या, घरात बाप आणि लेक दोघंच. बापाने लेकासाठी मस्कतची नोकरी ठरवली. लेकाने सांगितलं, मी मुंब्र्याला ओतकामाच्या कारखान्यात शिकतोय, पुढे माझा स्वतःचा काढणार, अशीच मॅगव्हील चाकं बनवणार, स्वस्तात. आणि एके दिवशी येऊन त्याने साचा काढायला खिळ्यावरचं चाक उतरवलं. मी तेव्हा गडग्याअलीकडे अबोलीला पाणी घालत होते. भांडण संपेपर्यंत अबोलीचा तलाव झाला होता.

"डुप्लिकेट माल बनवणार तू? आमच्या खानदानात खोटा काम कुनी केला नाय!"

"अब्बू, डुप्लिकेट नाय! हुबेहूब!"

"मग हुबेहूब चालायला लाग!"

रियाज चाक बगलेत मारून गेला. पडवीत खिळा तेवढा राहिला.

वर्षभराने उस्मानभाईंनी गाडीला चार नवी चाकं बसवली. तीच नक्षी, तीच चकाकी, मुंब्र्याच्या कुठल्याशा 'आर. यू. कास्टिंग'ची. बाजारात कोणी तरी हसून "डुप्लिकेट वाटतं?" म्हणालं. उस्मानभाई उसळले. "डुप्लिकेट नाय! हुबेहूब!"

तुमच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. हे वाक्य मी माझ्या कानांनी आधी कोणाच्या तोंडून ऐकलं होतं, हे मला आठवलंसुद्धा नाही. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. मी बावन्न वर्षांची होते आणि पंचावन्नच्या माणसाला म्हातारा म्हणत होते, यावरून माझ्या अकलेचा अंदाज घ्या.

वर पुन्हा हाच माणूस आंब्याच्या बाबतीत सोवळा. हापूसच्या पेटीत कर्नाटकचा एक आंबा शिरला तरी यांना दारातून वास येई, आणि ते दुकानाची पायरी चढत नसत. मी एकदा खिंडीत पकडलं. "उस्मानभाई, आंबा डुप्लिकेट चालत नाही, मग चाक कसं चालतं?"

"आंबा अल्लानं केलान, बाई. त्याची नक्कल करील तो चोर. चाक माणसानं केलान. त्याची नक्कल करील तो कारागीर."

शाळेत अठ्ठावीस वर्षं मला कोणी असं गप्प केलं नव्हतं.

हो, मी मराठी शिकवत असे. स्वेच्छेने लवकर निवृत्त झाले होते आणि माझ्या लाल पेनाची उपासमार चालली होती. लग्नपत्रिका आली की आधी मी ऱ्हस्वदीर्घ तपासायची, तारीख नंतर. त्यात दोन लग्नं हुकली. माझी नात विचारते, "आजी, तू तेव्हा कशी होतीस गं?" मी सांगते, "असह्य."

अशा या असह्य बाईकडे एके दिवशी उस्मानभाई वाकडं चाक घेऊन आले. "बाई, तुमचा मराठी कडक. कारखान्याला एक पत्र लिवून द्या."

पाणी तोंडाला लागलेल्या म्हशीसारखी मी वहीवर तुटून पडले. ते सांगत ते आधी तसंच वहीत उतरवायचं, मग लाल पेनाने दुरुस्त करायचं, मग स्वच्छ कागदावर, अशी माझी पद्धत. खाली नाव घालायचं नाही, पत्ता एस.टी. पार्सलचा द्यायचा, अशी त्यांची अट. पत्र असं झालं: 'महोदय, आपल्या कारखान्यातून निर्गमित झालेल्या चक्राने भाट्याच्या पुलापलीकडील पहिल्याच खड्ड्यात काठ वाकवून शरणागती पत्करली. आपला माल डुप्लिकेट नसून हुबेहूब आहे, म्हणूनच ही तक्रार. सबब, सदर चक्र बदलून मिळावे.'

ऐकून उस्मानभाई जरा अस्वस्थ झाले. "थोडा नरम करा, बाई. वाचून माणूस जेवायचा नाय."

"तक्रार नरम नसते, उस्मानभाई. नरम आहे ते चाक."

"मग शेवटी टाका, जेवण वेळेवर घेतो का."

"कारखानदाराच्या जेवणाशी आपल्याला काय करायचंय?"

"भुकेला माणूस ओतकाम वाकडा करतो," ते म्हणाले. मी लाल रेघ मारली. तक्रारीच्या पत्रात ते बसत नव्हतं.

पंधरा दिवसांत नवं चाक आलं, सोबत चिठ्ठी. 'काठाला एक सूत जाडी वाढवली आहे. वापरून कळवावे. आपला नम्र, आर. यू.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला उस्मानभाईंनी शिकवलं. आर. यू. म्हणजे काय, हे मी त्यांना शिकवलं. म्हटलं, इंग्रजी पद्धत असणार, 'आर यू?' म्हणजे 'तुम्ही आहात का?' उस्मानभाईंनी त्या सहीवर बोट ठेवलं. "असां विचारतो काय?" म्हणाले.

मग हा उद्योगच झाला. एकदा मी त्यांच्याबरोबर पावसला गेले. त्या गाडीत बसायचं नसतं, पडायचं असतं. मी मांडीवर लोणच्याची बरणी घेऊन पडले. समोर खड्डा आला. कोणीही शहाणा माणूस तो चुकवील. उस्मानभाईंनी स्टिअरिंग वळवून गाडी नेमकी त्यात घातली.

"अहो, काय करताय!"

"खड्डा चुकवला तर कळणार कसा, चाक किती टिकता ता?"

पावसला मी पोचले, लोणचं पदरावर पोचलं. चाकाच्या आऱ्याला बारीक तडा गेला होता. उस्मानभाईंनी ठोकलं, बद्द. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहून मला वाटलं, मस्कतच्या उन्हाने डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

पुढचं चाक पूर्णगडच्या उतारावर गेलं. त्याच्या पुढचं पुन्हा भाट्याला. दर वेळी पत्र, दर वेळी मुंब्र्याहून नवं चाक, एक सूत इथे, साचा तिथे. आणि दर वेळी उस्मानभाईंचं शेपूट. 'भट्टीजवळ चपला घालून उभा राहू नको, बूट घाल.' मी म्हणायची, हे कशाला? "पाय भाजला तर चाक कोण बनवील?" रेघ. 'खोकला गेला का.' "खोकणारा माणूस रस ओतताना हलतो." रेघ. कारण नेहमी कारखान्याचंच. आणि मी नेहमी रेघ मारणारच. लाल, सरळ, पट्टीने मारलेली. मला माझ्या रेघांचा अभिमान होता.

तिसऱ्या वर्षी चाकं फुटायची थांबली. रोज सकाळी चार टण्ण, खणखणीत, आणि उस्मानभाईंचा चेहरा दिवसेंदिवस बद्द. त्यांनी गाडी पूर्णगडला दोनदा नेली. मग चिऱ्याच्या खाणीतल्या रस्त्याने नेली, जिथे ट्रकवालेसुद्धा देवाचं नाव घेतात. गाडीचा सायलेन्सर तिथे राहिला. चाकं जशीच्या तशी.

ते माझ्या पायरीवर येऊन बसले. "बाई, पत्र लिवा."

"फुटलं का?"

"नाय. फुटत नाय, म्हणून लिवा. लिवा, चाक बरा हाय. आता तू कसा हायस."

वहीत लिहिलं. मग लाल पेन काढलं. "उस्मानभाई, कारखानदाराला 'तू'?" पहिलं वाक्य ठेवलं, दुसऱ्यावर रेघ मारली, आणि माझ्या पदरचं घातलं: 'तक्रारीस कारण उरलेले नाही. सबब, हा पत्रव्यवहार येथे थांबवीत आहे.'

त्यांनी ती लाल रेघ अंगठ्याने पुसून बघितली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि उठले. मी कागदाची घडी अगदी काटकोनात घातली. सातवं पत्र होतं ते.

आठवड्याने, दुपारी, आमच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, एक दाढीवाला तरुण उभा. बगलेत चाक.

"ओळखलंत, बाई? रियाज. सातवी ब."

मी त्याला आत बोलावलं. चाक त्याने पायाशी ठेवलं. बूट घातलेले होते, हे मी आज सांगते. तेव्हा पाहिलं फक्त, की ते अंगणातल्या सारवणावर उमटताहेत.

"पत्रं तुम्ही लिहिता ना?" तो म्हणाला. "पहिल्याच पत्रात ओळखलं. 'सबब' जिल्ह्यात आणखी कोण लिहितं? आणि 'हुबेहूब' वाचल्यावर कळलं, सांगणारा कोण ते."

"तू? आर. यू. तू?"

"रियाज उस्मान. बाई, एवढंही नाही कळलं?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि फडताळाला डोकं टेकून उभी राहिले. परत आले तर तो खाली बघून बोलत होता.

"सात पत्रं आली. सातही वेळा चाकाची चौकशी. मी वाट बघायचो, एकदा तरी माझी येईल. एक ओळ आली असती तरी निघालो असतो. आता तर थांबवतोय म्हणून लिहिलंय. मग म्हटलं, त्यांची वस्तू त्यांना देऊन टाकावी." त्याने खिळ्यावरचं ते जुनं ओरिजिनल चाक माझ्याकडे सरकवलं. "तुम्हीच द्या. मी चारच्या गाडीने जातो."

आयुष्यात मी पुष्कळ वह्या तपासल्या. माझी वही कोणापुढे तपासायला ठेवण्याची ती पहिलीच वेळ. ती आणली, उघडली आणि त्याच्या हातात दिली. लाल रेघेखालचं निळं अक्षर नीट वाचता येतं. एकच बारीक रेघ मारायची, चूक झाकून टाकायची नाही, मुलाला ती दिसली पाहिजे, असं मीच वर्गात शिकवत असे.

तो सगळी पानं वाचत गेला. शेवटच्या पानाशी थांबला. मग नाक पुसून म्हणाला, "बाई, चूक नसलेलंही तुम्ही खोडता?"

"खोडायची," मी म्हणाले.

वही तिथेच ठेवून तो चाक घेऊन गडगा ओलांडून गेला. पुढे काय बोलणं झालं? खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी अबोलीला तीनदा पाणी घातलं. काही ऐकू आलं नाही. फक्त थोड्या वेळाने भिंतीवर जड काही तरी अडकवल्याचा आवाज आला. चारची गाडी गेली, पाचची गेली, त्यांचं बेडं काही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान्याचा आवाज सुरू झाला. टण्ण. मग जरा थांबून, त्याच चाकावर पुन्हा, टण्ण. मी खिडकीशी गेले. दोन लुंग्या, दोन तिरक्या माना. बाप ठोकत होता आणि पाना लेकाकडे देत होता, लेक ठोकत होता आणि परत देत होता. दुसऱ्या चाकावर टण्ण. पुन्हा टण्ण.

आमचे हे अंथरुणात उठून बसले आणि चष्मा शोधत कुरकुरले, "आज एवढ्या लवकर कसं उजाडलं?"