ड्राइव्हवेवरचा मुक्काम

ट्रेलरचे टायर दिसायला अगदी नवे होते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

प्रताप देवस्थळी टेक्सासमधल्या फ्रिस्को गावी आपल्या घरासमोर, ड्राइव्हवेवर उकिडवा बसून ते निरखत होता. गाडीमागे ओढायचा, आयुष्यातला पहिला कॅम्पर ट्रेलर, तोही जुना, त्याने आदल्याच दिवशी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून घेतला होता. आत बिछाने, छोटीशी शेगडी, खिडक्यांना फुलांचे पडदे आणि खाली दोन चाकं. हे सगळं त्याच्या सासऱ्यांसाठी होतं. एकनाथराव अमरावतीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवत होते. नदी दगड कशी कापते ते त्यांनी शेकडो पोरांना सांगितलं, पण खरी खोल दरी स्वतः कधी पाहिली नव्हती. सध्या ते लेकीकडे आले होते आणि दिवाळीनंतर परत जाणार होते. त्याआधी तुम्हाला पॅलो ड्युरो कॅन्यनला नेतो, असा शब्द प्रतापने दिला होता. उत्साहाच्या भरात, हॉटेलात नाही, थेट दरीच्या तळाशी मुक्काम करू, असंही बोलून गेला होता.

निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावं म्हणून त्याने टायरच्या दुकानात फोन लावला.

"टायरच्या कडेला एक नंबर असतो. त्याचे शेवटचे आकडे वाचा," दुकानदार म्हणाला.

प्रतापने वाचले.

"हे नव्व्याण्णव सालचे आहेत. आता दोन हजार आठ संपत आलंय. ड्राइव्हवेच्या बाहेर काढू नका."

"पण जराही झिजलेले नाहीत."

"ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत. बसून बसून मरतात."

प्रतापने हे घरात येऊन सांगितलं तेव्हा एकनाथरावांनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबर सांगतो तो माणूस. माझ्यासोबत रिटायर झालेल्यांचं असंच झालं, प्रतापराव."

नवे टायर घ्यायचे, इथपर्यंत सरळ होतं. पण दुकानदाराने विचारलं, ट्रेलरचे हवेत की ट्रकचे? रेडियल हवेत की साधे? वजन किती पेलायला हवं? प्रतापने इंटरनेटवर शोधलं. एका गृहस्थाने लिहिलं होतं की ट्रेलरला ट्रकचे टायर लावणारा मूर्ख असतो. त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलं होतं की न लावणारा मूर्ख असतो. दोघांनीही आपापल्या फुटलेल्या टायरचे फोटो लावले होते. प्रताप रोज रात्री जेवणानंतर वाचायला बसे आणि झोपताना त्याला आदल्या दिवसापेक्षा कमी कळत असे.

तोपर्यंत इन्शुरन्सचं तरी उरकावं म्हणून त्याने कंपनीला फोन केला. बाई फार गोड बोलत होती.

"ट्रेलरमध्ये सध्या कोणी राहतं का?" तिने विचारलं.

प्रताप खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "सध्या माझे सासरे झोपतात."

त्यालाही कारण होतं. एकनाथरावांना पहाटे उठून खिडकी उघडायची सवय, आणि या घरात खिडकी उघडली की चोरांसाठी बसवलेला अलार्म कोकलायचा. ट्रेलरच्या खिडक्या बिनबोभाट उघडत. पहिल्याच रात्री ते उशी घेऊन तिकडे गेले आणि सकाळी म्हणाले, "अमेरिकेत आल्यापासून आज पहिल्यांदा झोप लागली बाप्पा."

"म्हणजे फुल टायमर," बाई म्हणाली. "कायम राहणाऱ्यांची पॉलिसी वेगळी असते. ते भाडेकरू आहेत का?"

"नाही, सासरे आहेत."

"भाडं देतात?"

"सासरे भाडं देत नाहीत."

"मग ते घरात का झोपत नाहीत?"

प्रतापने अलार्मचं सांगितलं. बाईने त्याला दुसऱ्या विभागाकडे जोडून दिलं. दुसऱ्या विभागाने विचारलं, ट्रेलर रस्त्यावर चालवण्याजोगा आहे का? प्रतापने खरं सांगितलं की टायर बाद आहेत. मग टायर बसवून फोन करा, असं सांगून त्यांनी शुभेच्छा दिल्या.

शेवटी त्याने अमेयला बोलावलं. अमेय त्याच्या ऑफिसातला. त्याच्याकडे ट्रेलर कधीच नव्हता, त्यामुळे त्याच्या मनात काही गोंधळ नव्हता.

"सिंपल आहे यार. ट्रेलर गाडीला जोडलेला असला ना, की निदान गाडीचा इन्शुरन्स थोडाफार त्याला लागतो. सुटा उभा राहिला की काहीच नाही. तू जोडूनच ठेव."

"पण आमच्या वसाहतीची असोसिएशन? एका दिवसाच्या वर ट्रेलर ड्राइव्हवेवर चालत नाही म्हणे."

"सामान भरत असशील तर चालतो. नियमातच आहे. मग तू सामान भरत राहा."

हे प्रतापला पटलं, यावरून त्याची अवस्था ओळखावी.

ट्रेलर एसयूव्हीला जोडला गेला. त्यामुळे एसयूव्ही अडकली, आणि ती चालवणारी प्रतापची बायको ऋता एका मैत्रिणीच्या गाडीतून ऑफिसला जाऊ लागली. असोसिएशनच्या कमिटीवरची बार्बरा रोज संध्याकाळी कुत्र्याला घेऊन फिरायला निघायची. ती कोपऱ्यावर दिसली की देवस्थळी कुटुंब खोकी उचलून ट्रेलरकडे निघायचं. रात्री तीच खोकी परत घरात यायची. बार्बरा जाता जाता थांबायची, काहीतरी बोलावंसं वाटल्यासारखी बघायची आणि मान खाली घालून पुढे जायची.

"तिला संशय आलाय," ऋता म्हणाली. "आज खोक्यात खरंच काहीतरी टाक. तू ते एका हातानं उचलत होतास."

मग कुकर गेला, मिसळणाचा डबा गेला, पांघरुणं गेली. ती परत आणायचा कंटाळा येऊ लागला, तेव्हा रात्रीचं जेवण ट्रेलरमध्येच होऊ लागलं. फुलांच्या पडद्याआड चौघं दाटीवाटीने पिठलं-भात खायचे. हिमानी, त्यांची दहा वर्षांची लेक, स्कूलबसमध्ये मैत्रिणींना सगळं सांगून आली.

"काय सांगितलंस?" ऋताने विचारलं.

"दॅट आजोबा लिव्ह्ज इन द ट्रेलर. अँड वी कान्ट गेट इन्शुरन्स. इट्स ट्रू, आई."

खरं होतं, त्यामुळे ऋताने तिला आणखी पिठलं वाढलं.

अखेर टायर ठरले. ते प्रतापने ठरवले असं म्हणता येणार नाही. दुकानदाराकडे त्या मापाचे एकाच प्रकारचे शिल्लक होते. फक्त, जुनी चाकं दुकानात आणून द्या, असं तो म्हणाला. प्रताप आणि एकनाथरावांनी ट्रेलर ठोकळ्यांवर चढवला, दोन्ही चाकं काढली आणि प्रतापने ती आपल्या जुन्या कॅमरी गाडीत घातली. ट्रेलर दोन दिवस तसाच ठोकळ्यांवर उभा राहिला. बार्बराने तो पाहिला तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला आणि कुत्र्याला घेऊन जवळजवळ पळतच घरी गेली.

"आता नोटीस येणार," प्रताप म्हणाला.

नोटीस आली नाही. टायर बसले, इन्शुरन्सही झाला. एकनाथराव कायम मुक्कामाला नसून पाहुणे आहेत, हे एका तिसऱ्या विभागाने मान्य केलं. शनिवारी पहाटे निघायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं सामान भरत असताना बार्बरा आली, आणि एकटी नाही. तिच्यामागे गल्लीतले बरेचजण होते. कुणाच्या हातात फॉइल लावलेलं भांडं, कुणाच्या हातात घडी केलेली ब्लँकेटं.

प्रतापने हातातलं खोकं खाली ठेवलं. "आम्ही उद्याच निघतोय," तो घाईने म्हणाला. "उद्या ट्रेलर इथे नसेल."

"इतक्या लवकर?" बार्बरा जवळ आली. "आम्हाला आधीच कळायला हवं होतं. रोज बघत होते मी. रोज थोडं थोडं सामान. तुमची बायको दुसरीच्या गाडीतून कामाला जाते, आणि म्हातारे वडील बाहेर झोपतात. त्या कोपऱ्यावरच्या कुटुंबाचंही घर उन्हाळ्यात हप्ते थकले म्हणून बँकेनं घेतलं, आणि त्यांनी कुणाला सांगितलंच नाही."

प्रतापला आधी काहीच कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं, आणि आधीचं बरं होतं असं वाटलं.

"नाही, नाही. तसं काही नाहीये. आम्ही फक्त चार दिवस कॅम्पिंगला चाललोय."

बार्बराने हिमानीकडे पाहिलं आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. "हो," ती हळू आवाजात म्हणाली. "तिला तसंच सांगा."

"खरंच सांगतोय. घर आमचंच आहे."

"ते नेहमीच तुमचं राहील," मागून एक गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

प्रतापने मदतीसाठी सासऱ्यांकडे पाहिलं. बार्बरा त्यांच्याचकडे वळली होती. तुम्हाला त्या ट्रेलरमध्ये फार त्रास होत असेल ना, असं तिने विचारलं. एकनाथरावांनी शाळेतलं ठेवणीतलं इंग्रजी काढलं.

"मॅडम, घर मोठं असो की लहान, काही फरक पडत नाही. सगळे सोबत आहेत ना, झालं. मी तर तिथे जास्त सुखात आहे."

बार्बरा रडू लागली. मग आणखी दोघी रडल्या. ऋताने एकीला पाणी आणून दिलं, आणि अशा परिस्थितीतही हिचं अगत्य बघा, म्हणून ती आणखीच रडली.

सकाळी निघताना गल्ली दोन्ही बाजूंनी उभी होती. नवे टायर आवाज न करता फिरले. लोकांनी हात हलवले. प्रतापनेही हलवला, न हलवणं बरं दिसलं नसतं.

गाडी हायवेला लागली.

"प्रताप," ऋता म्हणाली, "मंगळवारी आपण परत येणार आहोत."

"हो."

"त्याच गल्लीत. मग बार्बराला काय सांगायचं?"

"ते मंगळवारी पाहू," मागच्या सीटवरून एकनाथराव म्हणाले. मांडीवरच्या भांड्याचं फॉइल ते हलक्या हाताने सोडवत होते. "हे आधी खाऊन घ्या. लोकांनी एवढ्या जिव्हाळ्यानं दिलं."

दरीपर्यंत सहा तासांचा रस्ता होता. तेवढ्या वेळात काहीतरी सुचेल, असं प्रतापला वाटलं. जाताना सुचलं नाही. येतानाही नाही.