खालचा प्लग

व्हर्लिन हॉगस्टाड त्या गुरुवारी सरळ "नाही" म्हणाला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पाच मिनिटं भांडण, दोन दिवस अबोला, आणि प्रकरण मिटलं असतं. पण आमच्या स्कोग्ली गावात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. कोणी करपलेला केक वाढला तरी आम्ही "वेगळीच चव आहे हो" म्हणतो आणि घरी जाऊन बायकोवर चिडतो. कॉफी हवी असली तरी दोनदा "नको, कशाला उगाच" म्हणतो आणि तिसऱ्यांदा विचारलं की घेतो. (मिनेसोटाच्या या टोकाला बरीच माणसं याच हिशेबात अर्धपोटी घरी परततात.) म्हणून व्हर्लिनने ठरवलं, आपण नाही म्हणायचं नाही. अट घालायची. अशी अट, की गाडीच नाही म्हणेल.

"किती म्हणालीस?" त्याने काटा ताटात ठेवला.

"दोन लाख एकतीस हजार मैल," त्याची मुलगी ब्रिटा म्हणाली. वय वर्षं सतरा, शाळेचं शेवटचं वर्ष, आणि आवाज असा शांत की ऐकणाऱ्याचं डोकं फिरावं.

"चंद्र दोन लाख एकोणचाळीस हजारांवर आहे. आठच राहिले."

"बरं. पोचल्यावर फोन करते."

व्हर्लिनची बायको ग्लेनिस हॉटडिश वाढत होती. तिने डावाने खीमा-बटाट्याचा डोंगर नवऱ्याच्या ताटात थापला, म्हणजे तोंड भरलेलं राहील. राहिलं नाही.

गाडी होती मिसेस क्वामेंची. मिसेस क्वामे म्हणजे चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई. तीस वर्षं दर रविवारी प्रार्थना आटोपली की त्या बहिणीला भेटायला त्या बदामी रंगाच्या लांबलचक गाडीतून पार शेजारच्या राज्यात जायच्या. बहीण गेली, डोळेही अधू झाले, आणि गाडी विकायला निघाली. अठराशे डॉलर. ब्रिटाने दोन वर्षं गावच्या कॅफेत बशा विसळून नेमके तेवढेच साठवले होते. सोमवारी, शाळा सुटल्यावर, चौतीस मैलांवरच्या रुग्णालयात तिचा नर्सिंगचा वर्ग सुरू होत होता. बस नाही, आगगाडी नाही. पहिल्या दिवशी जो हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. सगळं जुळलं होतं. फक्त अठरा पूर्ण नसल्यामुळे गाडीच्या कागदावर बापाची सही लागत होती, आणि बाप हा असा.

व्हर्लिन इतका का चिडला हे कळायला आमचं तळं माहीत पाहिजे. दर हिवाळ्यात गावचं अग्निशमन पथक एक भंगार गाडी गोठलेल्या तळ्यावर नेऊन ठेवतं, आणि वसंतात ती बर्फ फुटून कोणत्या दिवशी बुडेल यावर गावभर तिकिटं विकली जातात. (इंजिन, तेल सगळं आधी काढतात, बुडाल्यावर साखळीने ओढून बाहेरही आणतात. आम्ही अडाणी नाही.) ही गाडी निवडायचा मान अकरा वर्षं पथकातल्या व्हर्लिनकडे होता. अकरा वर्षं तो कॅफेत बसून जाहीर सांगत आला होता की, लाखावर गेलेल्या गाडीची जागा रस्त्यावर नाही, तळ्यावर आहे. आता त्याचीच मुलगी त्याच रस्त्यावरून दोन लाख एकतीस हजार मैलांचं धूड हाकणार आणि कॅफेतली सगळी टाळकी खिडकीतून बघणार.

आणखी एक गोष्ट होती, पण ती तो बोलला नाही. गेल्या फेब्रुवारीत बंद पडलेल्या गाडीत दोन तास बसून राहिलेल्या एका माणसाचे बूट त्याने स्वतःच्या हाताने कापून काढले होते. थंडीने काळी पडलेली ती बोटं त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. हे लेकीला सांगायचं कसं ते त्याला येत नव्हतं. चिडायला मात्र छान येत होतं.

"तू घाबरलायस का चिडलायस ते एकदा ठरव," ग्लेनिस म्हणाली.

"मी अट घालतोय," व्हर्लिन म्हणाला. "उद्या ती गाडी इथे अंगणात आण. रात्रभर उघड्यावर राहू दे, उणे तीस सांगितलंय. परवा सकाळी पहिल्या किल्लीला सुरू झाली तर सही. नाही झाली, तर विषय बंद आणि वर्गही बंद."

"हीटरचा प्लग लावून," ब्रिटा म्हणाली.

"लावून. मी काय कसाई आहे?"

आमच्याकडे हिवाळ्यात प्रत्येक गाडीच्या नाकाडातून एक वायर लोंबत असते. संध्याकाळी ती भिंतीवरच्या प्लगात खुपसायची, म्हणजे इंजिन रात्रभर कोमट राहतं. नाही खुपसली, तर सकाळी गाडी म्हणजे चार चाकांचा दगड. हॉगस्टाडांच्या गॅरेजच्या भिंतीवर दोन प्लग होते. वरचा व्हर्लिनच्या गाडीचा, अकरा वर्षं. खालचा पाहुण्यांचा.

शुक्रवारी धान्याच्या गोदामातून व्हर्लिन घरी आला, तर बदामी धूड अंगणात पसरलेलं. चार वाजून गेले होते, अंधारत चाललं होतं. हात इतके बधिरलेले की त्याने पिकअप नुसती उभी केली आणि तडक स्वयंपाकघरात गेला. पिकअप डिझेलची, दोन वर्षांची, जेमतेम एकोणीस हजार मैल झालेली. तिच्यात बूट झटकल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, रेडिओला हात लावायचा नाही आणि चालवणाऱ्याशी उगाच बोलायचं नाही, असे घरचे नियम होते.

जेवताना ब्रिटा एकदाही गाडीबद्दल बोलली नाही. त्यानेच तो जास्त भडकला. शेवटी "लाकडं आणतो" म्हणून उठला.

"पेटी भरलेली आहे," ग्लेनिस म्हणाली.

"आणखी आणतो."

बाहेर हवा अशी की नाकातले केस ताठ झाले. व्हर्लिन गॅरेजच्या भिंतीपाशी उभा राहिला. दोन नारिंगी वायरी, दोन्ही एकाच दुकानातल्या, दोन्ही बर्फात बुडालेल्या. आपण करतोय ते बरोबर नाही हे त्याला कळत होतं. (नंतर त्यानेच कबूल केलं, त्या वेळी कळत होतं म्हणून.) पण मिसेस क्वामेंचा तो तीस वर्षांचा खटारा, आणि चौतीस मैलांचा तो उघडा रस्ता, आणि ते कापलेले बूट, सगळं एकदम त्याच्या डोक्यात गेलं. मरू दे, तो मनात म्हणाला. रागावली तर रागावू दे. जिवंत राहून रागावेल. त्याने खाली वाकून पाहुण्यांचा प्लग उपटला, बर्फात टाकला आणि वर पायाने थोडा बर्फ ढकलला. मग दोन लाकडं उचलून आत आला आणि मढ्यासारखा झोपला.

शनिवारी सकाळी उणे बत्तीस. व्हर्लिनला नऊ वाजता तळ्यावर पोचायचं होतं. यंदाचं भंगार काठावर येऊन पडलं होतं आणि ते बर्फावर ओढून न्यायचं काम दरवर्षीप्रमाणे त्याच्या पिकअपचं. आठ वाजता तो कॉफीचा मग घेऊन पायरीवर उभा राहिला. चेहरा दुःखी ठेवायची त्याने तयारी केली होती.

ब्रिटाने किल्ली फिरवली. बदामी गाडी खाकरली, एकदा अंग झाडलं आणि सुरू झाली.

व्हर्लिनच्या हातातली कॉफी कलंडली. प्लग नसताना, उणे बत्तीसमध्ये, पहिल्या किल्लीला! असलं इंजिन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. क्षणभर तर त्याला वाटलं, आपणच घेऊन टाकावी.

"सही," ब्रिटा काच खाली करून म्हणाली.

"तळ्यावरून आल्यावर बघू," तो पुटपुटला आणि पिकअपमध्ये चढला. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. मग टक्-सुद्धा नाही.

तो खाली उतरला. पिकअपच्या नाकाडातून निघालेली नारिंगी वायर बर्फावरून भिंतीपर्यंत गेली होती, आणि तिचं टोक भिंतीत नव्हतं.

"असं कसं?" ब्रिटा मागून आली. "मी स्वतः लावला होता काल. तू आलास तेव्हा हात चोळत आत गेलास ना, तेव्हा. वरच्यात माझी होती म्हणून तुझी खालच्यात लावली."

आता सांगायला हवं, की दहा वर्षांची असल्यापासून बाप थंडीतून आला की त्याच्या गाडीचा प्लग हीच लावायची. कोणी सांगितलं नव्हतं. व्हर्लिनच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली कोण देतं हे जसं लक्षात राहत नाही.

"मांजराने ओढला असेल," तो म्हणाला.

"आपल्याकडे मांजर नाही."

"शेजारचं."

"तेरा नंबरचे बूट घालतं?"

भिंतीपासून लाकडांपर्यंत आणि लाकडांपासून दारापर्यंत पावलं उमटलेली होती, गोठून दगड झालेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ग्लेनिस उभी होती आणि ताट पुसत होती. तेच ताट ती बराच वेळ पुसत होती.

"तू माझा काढायला आला होतास," ब्रिटा म्हणाली. शांत आवाज गेला होता. "दोन वर्षं मी लोकांच्या उष्ट्या बशा विसळल्या. तू अट घातलीस, मी मान्य केली. आणि तू रात्री येऊन चोरासारखा प्लग काढलास. तोंडावर नाही म्हणायला काय झालं होतं?"

"रात्री नाही, संध्याकाळी," व्हर्लिन म्हणाला, आणि हे आपण काय बोललो असं त्याला वाटलं. मग तोही भडकला. "त्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर तुझे बूट कोण कापणार? मी? मी कापले आहेत एकाचे. आतलं काय दिसतं ते मला विचार. नाही विचारणार, मला माहीत आहे. मग मी काढला प्लग. हो, काढला."

दोघांच्याही पापण्यांवर बर्फ धरला होता.

"मागे दोन घोंगड्या आहेत," ब्रिटा म्हणाली. "मेणबत्त्या, फावडं आणि सुकं मटण. मिसेस क्वामेंनी तीस वर्षं ठेवलंय. तुझ्या पिकअपमध्ये काय आहे?"

पिकअपमध्ये बूट झटकायचा ब्रश होता.

"बस," ती म्हणाली. "मागे. पुढे मिसेस क्वामे बसणार आहेत, त्यांना वाटेत घ्यायचंय. आणि बूट झटक."

तो बूट झटकून मागे बसला. वाटेत एकदा त्याने "दुसरा गिअर टाक" म्हणायला तोंड उघडलं, तर ब्रिटाने आरशातून बघितलं. चालवणाऱ्याशी बोलायचं नाही. त्याने तोंड मिटलं.

तळ्याकाठी निम्मं गाव जमलेलं. पथकाचा मुख्य ऑर्व्हिल साखळी खांद्यावर टाकून पिकअपची वाट बघत उभा होता. बदामी गाडी येऊन थांबली, मागच्या दारातून व्हर्लिन उतरला, आणि ऑर्व्हिलने गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"ही ठेवायची का यंदा?" त्याने विचारलं. "लाखावरची दिसते."

"ही नाही," ब्रिटा खिडकीतून म्हणाली. "ठेवायची ती घरी आहे. सुरू होत नाही."

कोणी हसलं नाही. आमच्याकडे असं कोणी हसत नाही, सगळे आपापल्या बुटांकडे बघतात. त्या दिवशी शंभर माणसं बुटांकडे बघत होती.

मिसेस क्वामेंनी पर्समधून कागद आणि पेन काढलं. पेन गोठलेलं. व्हर्लिन वाकून आत शिरला आणि पेन हीटरच्या झोताखाली धरून बसला. झोत गरम होता, पिकअपपेक्षा गरम.

"हीटर कसा वाटला?" मिसेस क्वामेंनी विचारलं.

"वेगळाच आहे हो," तो म्हणाला, आणि सही केली.

डिझेलच गोठल्यामुळे पिकअप बुधवारपर्यंत हलली नाही. ती कोणत्या दिवशी सुरू होईल यावर कॅफेत तिकिटं निघाली. (बुधवार ग्लेनिसने घेतला होता. तिने बक्षिसातून नवी वायर आणली, निळी.)

सोमवारी सकाळी शाळेत जाता जाता ब्रिटाने बापाला गोदामात सोडलं. दिवसभर व्हर्लिनने तीनदा पोती चुकीची मोजली. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"चंद्रावर पोचले," ब्रिटा म्हणाली.

व्हर्लिन पोत्यांच्या थप्पीला टेकला. "रस्ता कसा होता?"

"चांगला. वर्ग सुरू होतोय, ठेवते."

"थांब. मी घरी कसा जाऊ?"

"चालत. दोनच मैल आहेत. तुला जास्त मैलांचा राग येतो ना."

तो निघाला. वाऱ्याने कान तुटायची वेळ आली होती. अर्ध्या वाटेवर मागून ऑर्व्हिलची जुनी जीप आली आणि शेजारी थांबली. तिचे एक लाख ऐंशी हजार झालेले होते, हे व्हर्लिनला पाठ होतं.

"सोडू का घरी?" ऑर्व्हिलने विचारलं.

"नको, कशाला उगाच," व्हर्लिन म्हणाला.

"बस रे, थंडी आहे."

"नको नको, पाय मोकळे होतात," व्हर्लिन म्हणाला, आणि दाराच्या मुठीकडे हात नेत तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभा राहिला.

ऑर्व्हिलने एकदा त्याच्या बुटांकडे बघितलं, मान हलवली आणि जीप पुढे काढली.