मरणं विचारणारे गुलाबभाऊ

आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले. स्वतः लिहिण्याचे धाडस निवृत्तीनंतर प्रथमच करीत आहे. हा विषय माझ्याहून समर्थ हातांत पडायला हवा होता. वाचकांनी हे धारिष्ट्य पोटात घालावे, ही विनंती.

माझे शेजारी गुलाबभाऊ कामावर निघताना पोपटी रंगाचा, लालभडक फुलांचा सदरा घालीत. आमच्या चामोर्शी गावात अशा वस्त्राला वरातीखेरीज प्रयोजन नव्हते. एकदा भीत भीत कारण विचारले.

"पांढरं घालून गेलो का बाया दार लावते, गुरुजी. म्हनते, आला यमाचा कंडक्टर!"

त्यांचे कामच तसे होते. नव्वदच्या दशकात एका संस्थेसाठी ते खेडोपाडी घरोघर फिरून कोण जन्मले, कोण गेले, याची नोंद घेत. विशेषतः तान्ह्या बाळांची. अंगणात पाऊल पडताच बसस्थानकावर चौकशी करावी तशा सुरात ते विचारीत, "काय मायबाई, कोणी आलं का? कोणी गेलं का?"

एका ओसरीवरून खाटेवरचा म्हातारा ओरडला, "मी अजून आहो! पाह्यून घे!"

"राहा ना, आजा. तुमची काही घाई नाई!"

हे मी प्रत्यक्ष ऐकले, कारण एका उन्हाळी सुट्टीत त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मीही गेलो होतो. पुढच्याच घरी एक बाई तांदूळ पाखडीत होती. लेकरे किती, असे विचारल्यावर "दोन" म्हणाली. गुलाबभाऊ हलले नाहीत. "आन् पहिलं बाळंतपन?"

"ते तर पाचवीच्या आधीच गेलं. त्याले काय मोजाचं?"

सूप क्षणभरही थांबले नाही. तिच्या शेजारणीनेही तेच सांगितले, तिच्या जावेनेही. पाचवी पुजण्याआधी गेलेले मूल त्यांच्या लेखी आलेलेच नव्हते. गुलाबभाऊ मात्र तितक्याच आस्थेने विचारीत राहिले: मुलगा होता की मुलगी? जन्मल्यावर रडले होते का? मला त्यांची ही उत्सुकता निर्दय वाटली, हे लपवीत नाही.

इतक्या बाळांची माहिती ठेवणाऱ्या या गृहस्थाला एकाही बारशाचे आमंत्रण येत नसे. ते दिसताच आया बाळावर पदर ओढीत. स्वतःच्या मुलीचे, शेवंताचे, पहिले बाळंतपणही त्यांच्या घरी झाले नाही. "मरनं लिवनाऱ्याच्या घरी आमचं लेकरू जन्माले नाई यायचं," असे सांगून सासूने तिला ठेवून घेतले. ते गाव गुलाबभाऊंच्याच फेरीत होते, आणि त्या दिवशी आम्ही तिथेच पोहोचलो.

विहीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आमच्या इथी कोणी मेलं नाई. पुढं जा, भाऊ."

गुलाबभाऊंनी कधी नव्हे तो घसा खाकरला. "आलं ना पन कोणी? ते तर लिवा लागन." मग आवाज चढवून कुडाच्या भिंतीला विचारले, "शेवंता, पोट्टं दूध वढते का?"

आतून क्षीण उत्तर आले, "सकाळपासून पेऊन नाई राह्यलं, बाबा. आंग थंड लागते."

त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. दूध ओढणे सोडणे म्हणजे काय, हे त्यांनी शेकडो अंगणांत ऐकले होते. त्यांनी विहीणबाईंशी वाद घातला नाही, उंबरठाही ओलांडला नाही. चपला तिथेच टाकून ते धावत सुटले आणि गावातल्याच पार्वताबाईला घेऊन आले. तान्ह्या बाळांवर उपचार करण्याचे शिक्षण तिला संस्थेने दिले होते. ती आत गेली. तिने बाळाला ऊबदार पिशवीत गुंडाळून आईच्या छातीशी दिले, सुई टोचली, आईचेच काढलेले दूध चमच्याने पाजले. आम्ही बाहेर बसून राहिलो. दुपार कलता कलता आतून एक बारीक, चिडका रडण्याचा आवाज आला. गुलाबभाऊ दोन्ही हातांनी तोंड झाकून हसले.

विहीणबाई बाहेर आल्या. मला वाटले, आता यांना आत बोलावतील.

"पाह्यलं? तुमी आले आन् लेकरू बिमार पडलं," त्या म्हणाल्या. "आता तरी जा."

मूल सकाळपासून आजारी होते, आम्ही दुपारी आलो होतो. गुलाबभाऊ मात्र चपला शोधीत म्हणाले, "बरोबर आहे, बाई. जातो."

मूल जगले. वर्षभराने आठवडी बाजारात शेवंता दिसली. कडेवर गुबगुबीत पोरगा, गालावर काजळाची तीट. मी हाक मारणार, तोच गुलाबभाऊंनी माझा हात धरून मला बुरडाच्या टोपल्यांमागे ओढले. टोपल्यांच्या फटीतून ते पाहत राहिले. पोरगा वळून हसला, तशी त्यांनी मान खाली घातली.

"तुमचा तर या अपशकुनाच्या गोष्टींवर विश्वास नाही ना?" मी विचारले.

"नाईच," ते पुटपुटले. "पन पोराची गोष्ट आहे, गुरुजी. काऊन पाहाचं आजमावून?"

तुमच्या घरी बाळ जन्मले असते, तर तुम्ही त्यांना आत घेतले असते का?