अप्पांचा आकडा

आमच्या शेजारचे मल्लिनाथअप्पा उन्हाळ्यात पंख्याखाली बसत नाहीत. घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटरकडे तोंड करून असतो आणि अप्पा त्याच्या मागे, घामाघूम, वर्तमानपत्राच्या घडीने स्वतःला वारा घालत असतात. नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर. तो प्रोसेसरच्या तापमानाचा.

शुक्रवार पेठेत त्यांची आमची भिंतीला भिंत. अप्पा एकटेच राहतात. मी शाळेत शिकवते, म्हणजे मे महिन्यात घरी सापडते, हे त्यांना पक्कं ठाऊक. सकाळी दूध तापायच्या आत हाक येते, "बाई, आकडा एकसष्ट! आज ऊन लई हाय." बाराला पुन्हा, "बाई, चौऱ्याहत्तर की!" खरं सांगायचं तर त्या आकड्याची धास्ती आता मलाही बसली आहे. परवा माझ्या नवऱ्याला एकशे दोन ताप होता, तर मी म्हणाले, "मागून पंखा लावा, उतरेल."

अप्पा गिरणीत विणाई खात्यात होते. शेडमधल्या हवेत ओल टिकवायचं काम त्यांच्याकडे. हवा कोरडी पडली की सूत तुटतं. कॉम्प्युटरही ते गिरणीच्याच भाषेत समजावतात. "मागाच्या फेऱ्या वाढवल्या तर माल जास्त निघतो, पण माग तापतो. हितं बी तसंच. बसूनं फेऱ्या वाढवून ठेवल्यात."

बसू म्हणजे बसवराज, त्यांचा मुलगा. हा कॉम्प्युटर त्यानेच जुळवला आणि कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगावर बसवून ठेवला. अप्पांनी त्याला ओळखीने चादरीच्या कारखान्यात चिकटवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून तो पुण्याला निघाला. उंबऱ्यात अप्पा म्हणाले, "जा. पण मग फोन करू नगंस." पोरगं बापावर गेलेलं. त्याने केला नाही, आणि अप्पांनीही केला नाही.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद केलेला नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर असतो. एवढा पळवलेला कॉम्प्युटर आणि अप्पा त्यावर पत्ते खेळतात! दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं, "काका, आतली बटणाएवढी बॅटरी संपलीय. एकदा करंट तुटला की सगळी सेटिंग पुसली जाणार. त्यापेक्षा मूळ वेगावर टाकतो, थंड तरी राहील." अप्पांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मला म्हणाले, "पोरानं लावलेलं हाय, बाई. कुणी हात लावायचा न्हाय." निदान सेटिंग लिहून तरी ठेवा म्हटलं, तर त्यासाठी एकदा बंद करून चालू करावा लागतो, आणि ते त्यांच्या जिवावर येई.

मग ती दुपार आली. आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला आणि अप्पांना गिरणी आठवली. त्यांनी जाडजूड सोलापुरी चादर बादलीत बुडवून खिडकीला टांगली. घाईत पिळायची राहिली. मी ताकाचा तांब्या घेऊन गेले, तर चादरीतून निथळलेलं पाणी फरशीवरून थेट वायरींच्या पट्टीकडे निघालेलं, आणि अप्पा खुशीत. "बाई, एक डिग्री उतरला!"

मी किंचाळले आणि भिंतीतला प्लग उपसून काढला.

कॉम्प्युटरची दोन वर्षांची घरघर थांबली. अप्पांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही फरशी कोरडी केली, तासभर थांबलो आणि मग त्याला पुन्हा चालू केलं. तो जगला होता. आकडा एक्कावन्न! "अप्पा, किती छान!" काय बोलतेय ते कळायच्या आत मी बोलून गेले.

"थंड पडलं की, बाई," अप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच पडद्याकडे पाठ करून बसले.

मला रडू यायला लागलं. म्हटलं, "बसूला विचारा ना. सेटिंग त्याच्या लक्षात असेल."

"त्यो कशाला उचलतोय माझा फोन?" असं म्हणाले खरे, पण फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे बघत राहिले. "तुमी लावा."

दुसऱ्या रिंगलाच तिकडून आवाज आला, "अप्पा? काय झालं? तब्येत बरी हाय न्हवं?"

मी फोन अप्पांच्या कानाला लावला. त्यांनी दोनदा घसा साफ केला. "सेटिंग गेली रे सगळी. तेवढी सांग."

बसू एकेक आकडा सांगू लागला, तोंडपाठ. अप्पा वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत होते. शेवटचा आकडा त्यांनी चार वेळा विचारला. पहिल्याच वेळी नीट लिहिलेला मला दिसत होता.

सांगून संपलं, तरी फोन कोणीच ठेवेना.

"तुझ्या खोलीत पंखा हाय का रे?" अप्पांनी विचारलं.

मी तांब्या तिथेच ठेवून हळूच घरी आले. भिंतीपलीकडून संध्याकाळपर्यंत अप्पांचा आवाज येत होता. त्या दिवशी मला आकडा सांगायचं ते विसरले.