डोंगरे सरांचा अर्ज

आमच्या कॉलेजातले डोंगरे सर अनुदानाचा अर्ज पाठवण्याआधी तो शिपाई रामकिसन मामांना वाचून दाखवायचे. मामांच्या कपाळाला आठी पडली की सर ते पान फाडायचे. "मामाला समजलं न्हाई म्हणजे मलाच समजलं न्हाई. बिलकुल." मामांना तंबाखू मळतानाही आठी घालायची सवय, त्यामुळे कित्येक चांगली पानं उगाच फाटली.

सर सूक्ष्मजीवशास्त्राचे, मी इंग्रजीची. म्हणून भाषांतर माझ्याकडे. विषय कायम एकच. एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्या घेत राहिलं तर माणूस नीट जगतो. तरी खेड्यातली काही माणसं मधेच गोळ्या का सोडतात? मी 'पेशंट' लिहिलं, सरांनी खोडलं. 'लाभार्थी' लिहिलं, तेही खोडलं. "माणूस लिहा, मॅडम."

नकार येत राहिले. एका संस्थेच्या साहेबांनी फोनवर विचारलं, तुमची प्रयोगशाळा केवढी आहे? सर शांतपणे म्हणाले, "मला गोळी शोधायची न्हाई, साहेब. गोळी सापडलेली आहे. ती सोडलेला माणूस शोधायचाय." तो अर्जही नामंजूर झाला.

शेवटी एक छोटी संस्था तयार झाली, पण एकाच तालुक्यापुरती. सरांनी घनसावंगी निवडली. का, ते सांगितलं नाही.

दवाखान्यातल्या ताईंनी आधी विचारून ठेवलेल्या एका बाईंकडे आम्ही गेलो. वय चाळिशीचं. त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. सरांनी प्रश्नावली काढली. पहिल्या तीन प्रश्नांना बाई "माहीत न्हाई" म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या घरात व्हता का कुणाला?"

सरांनी कागद मिटून पिशवीत ठेवला. इतक्या वर्षांत मला न सांगितलेलं त्यांनी त्या बाईंना सांगितलं.

"बहिणीला. इथंच दिली होती, ह्याच तालुक्यात. माहेरी आल्ती, तर तिचं ताट वेगळं केलं. आईनं न्हाई, मी केलं. शिकलेला होतो तरी. परत गेली आन् तिनं गोळ्या सोडल्या. का सोडल्या, मी विचारलंच न्हाई. आता विचारायला ती न्हाई."

बाई उठल्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सरांच्या समोर येऊन बसल्या. नवरा गेल्यापासूनचं एकेक सांगू लागल्या.

सर नुसते ऐकत राहिले. लिहून घ्यायचं काम माझ्यावर आलं.